पोर्टर, येसकर आणि वेठ

‘जात म्हणजे शेवटी काय, तर व्यवसाय. युरोपातही लोहार होते, सुतार होते, हमाल होते. तिकडे त्यांची स्मिथ, कार्पेंटर, पोर्टर अशी आडनावे पडली, इकडे जाती पडल्या. मग एवढा गहजब कशासाठी?’ हा युक्तिवाद सध्या व्हॉट्सॲपवर आणि कॉलेजच्या कट्ट्यावर फार फिरतो आहे. टोकावड्याच्या आमच्या अभ्यासवर्गात मुरबाडच्या कॉलेजला जाणाऱ्या एका मुलाने तो जसाच्या तसा मांडला. मुलगा आपल्याच वाडीतला. वर्गमित्रांनी त्याला गप्प केले होते आणि त्याला उत्तर हवे होते. अशा वेळी ‘हे सगळे मनुवाद्यांचे कारस्थान’ एवढे बोलून भागत नाही. समोरच्याने उदाहरण दिले असेल तर ते हातात घेऊन उलटेसुलटे करून पाहावे लागते. आम्ही त्यातले तिसरे आडनाव घेतले, पोर्टर. कारण त्याच महिन्यात आम्ही बाबासाहेबांचे मनमाडचे भाषण वाचत होतो आणि त्यात हा शब्द अगदी मोक्याच्या जागी येतो.

इंग्रजीत पोर्टर हा एक शब्द दिसतो, पण मुळात ते दोन शब्द आहेत. एक पोर्टर दारावरचा. लॅटिनमध्ये ‘पोर्टा’ म्हणजे दरवाजा, वेस. त्या दरवाजावर उभा राहणारा तो पोर्टर, द्वारपाल. दुसरा पोर्टर ओझ्याखालचा. लॅटिन ‘पोर्टारे’ म्हणजे वाहून नेणे. इम्पोर्ट म्हणजे आत वाहून आणणे, एक्स्पोर्ट म्हणजे बाहेर नेणे, ट्रान्सपोर्ट म्हणजे पलीकडे नेणे, सपोर्ट म्हणजे खालून उचलून धरणे. रोज आपल्या तोंडी असलेले हे सगळे शब्द त्या एका क्रियापदाची पोरे. दोन्ही पोर्टर फ्रेंच भाषेच्या वाटेने इंग्लंडात गेले आणि तिथे पोचेपर्यंत त्यांचा उच्चारही एक झाला आणि स्पेलिंगही. आजही केंब्रिजच्या कॉलेजच्या फाटकात बसतो तोही पोर्टर आणि स्टेशनवर बॅगा उचलतो तोही पोर्टर. फाटकातल्याने ओझे वाहावे किंवा ओझेवाल्याने फाटक राखावे असा मात्र तिथे नियम नाही. शब्द जुळले, माणसे वेगळी राहिली.

लंडन शहरात ओझी वाहणाऱ्या पोर्टरांच्या संघटना होत्या. परवाना म्हणून त्यांच्याकडे बिल्ला असे आणि कामाचे दर नगरपालिका ठरवून देई. त्यांचे जगणे सुखाचे होते असे कुणी समजू नये. लंडनच्या गोदीतल्या मजुरांना तासाला सहा पेन्स मिळावेत म्हणून १८८९ साली मोठा संप करावा लागला होता. पण तो संप मजुरीचा होता, तासाचा होता. ‘आम्हाला दुसरे काही काम करू द्या’ किंवा ‘आम्हाला विहिरीवर पाणी भरू द्या’ ही मागणी त्यात नव्हती, कारण त्याची गरजच नव्हती. पोर्टर आडनावाच्या माणसाच्या पणतूने काय करावे हे त्या आडनावात लिहिलेले नाही. पणजोबा ओझी वाहायचे एवढीच आठवण त्यात उरली.

अजून एक गंमत. अठराव्या शतकात लंडनमध्ये एक काळसर बिअर निघाली. हे पोर्टर लोक ती फार प्यायचे म्हणून तिचे नावच पोर्टर पडले आणि पुढे ती सगळ्या इंग्लंडने प्यायली. ओझी वाहणाऱ्याच्या नावाचे पेय साहेब लोक मिटक्या मारत पितात! आपल्याकडे ओझी वाहणाऱ्याने तळ्याच्या पाण्याला हात लावला म्हणून २० मार्च १९२७ ला महाडमध्ये डोकी फुटली आणि नंतर तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. व्यवसाय आणि जात यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने ही दोन पेये शेजारी शेजारी ठेवून बघावीत.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. कल्याण–नगर रस्त्याने टोकावडे सोडून माळशेजकडे निघाले की वैशाखरे लागते आणि तिथून नाणेघाटाची पायवाट चढते. कल्याण आणि सोपारा या बंदरांचा माल दोन हजार वर्षांपूर्वी याच वाटेने जुन्नरला जायचा. वर गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. त्यात केलेल्या यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे: गायी, घोडे, हत्ती, गावे, हजारोंच्या संख्येने कार्षापण नावाची नाणी. अंकांच्या इतिहासासाठी हा लेख मोलाचा समजला जातो, कारण इतके जुने आकडे आपल्या देशात फार थोड्या ठिकाणी आहेत. शेजारीच दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी पडत असे सांगतात. गाय मोजली, नाणे मोजले. ज्याच्या डोक्यावरून माल घाट चढला तो माणूस या यादीत कुठेच नाही.

घाट चढून जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत गेलो तर चित्र थोडे वेगळे दिसते. तिथल्या दानलेखांत धान्य विकणाऱ्यांची श्रेणी आहे, काशाची भांडी घडवणाऱ्यांची आहे, वेळूकाम करणाऱ्यांचीही आहे. हाताने काम करणाऱ्यांची नावे दगडावर कोरली गेली ती बुद्धाच्या संघाला दान देताना, यज्ञाच्या यादीत नाही. तिथेही हमालांची श्रेणी सापडत नाही हे खरे आहे आणि ते लपवायचे कारण नाही. पण वेळू सोलणारा माणूस दाता म्हणून उभा राहू शकत होता, ही गोष्ट पुढच्या हजार-दीड हजार वर्षांच्या मानाने लहान नाही.

ओझे वाहण्यासाठी आपल्याकडे शब्दांची कमी नाही. हमाल हा अरबी, ‘वाहणे’ या अर्थाच्या धातूवरून. बिगार हा फारसी. त्यात ‘बी’ म्हणजे विना आणि ‘कार’ म्हणजे काम. ज्या कामाला काम म्हणून मोजायचेच नाही, त्याचा मोबदला द्यायचा नाही, ते काम. वेठ हा त्याहून जुना, संस्कृत ‘विष्टी’चा मराठी अवतार. इ.स. १५० च्या सुमारास क्षत्रप रुद्रदामनाने गिरनारच्या खडकावर अभिमानाने कोरून ठेवले आहे की, सुदर्शन तलावाचा बांध आपण प्रजेवर कर आणि विष्टी न लादता बांधला. ती लादली नाही ही फुशारकी मारण्याची गोष्ट होती, म्हणजे लादणे हीच रीत होती. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात तर कारागिरांकडून आणि शूद्रांकडून राजाने महिन्याला एक दिवस काम करून घ्यावे असे स्पष्ट सांगितले आहे. पेशवाईच्या कागदांत वेठबिगार हा शब्द जागोजागी येतो. किल्ल्यावर गवत न्या, लाकूड न्या, सरकारी सामान पोचवा. टोकावड्याच्या आसमंतात सिद्धगड, गोरखगड, भैरवगड उभे आहेत. ट्रेकिंगला येणारी शहरी मंडळी त्यांच्या कड्यांचे फोटो काढतात. त्या कड्यांवर धान्याचे पोते कुणाच्या पाठीवरून गेले असेल हा प्रश्न त्या फोटोत मावत नाही.

आता त्या दोन पोर्टरांकडे परत जाऊ. इंग्रजीत जे दोन शब्द योगायोगाने एक झाले, ते आपल्या गावगाड्यात ठरवून एका माणसाच्या अंगावर घातले गेले. तो माणूस म्हणजे येसकर. वेसकर, म्हणजे वेशीवरचा. रात्री वेस राखायची, गावात आल्यागेल्याची खबर पाटलाला द्यायची, घुंगराची काठी वाजवत फिरायचे. हा झाला दारावरचा पोर्टर. आणि सरकारी कामगार गावी आला की त्याचे बोचके उचलून पुढच्या गावच्या शिवेपर्यंत न्यायचे, साऱ्याची रक्कम तालुक्याला पोचवायची, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचे, त्या घोड्याला दाणा-वैरण करायची, मेलेले ढोर ओढायचे, मयताचा सांगावा घेऊन गावोगाव जायचे. हा झाला ओझ्याखालचा पोर्टर. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) हे सगळे आले आहे. त्यांचे गाव याच सह्याद्रीच्या पलीकडच्या अंगाला, अकोले तालुक्यात.

आणि हा वेशीचा राखणदार स्वतः राहायचा कुठे? वेशीबाहेर. जगात कुठल्याही द्वारपालाला दाराच्या आत बसायला जागा असते. आपला येसकर ज्या दाराची राखण करायचा त्या दाराच्या आत त्याचे घर नव्हते. यात अपघात काही नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावे आणि ज्याला कुणी नातलग नाही त्याचे प्रेत त्यांनी वाहून न्यावे या दोन आज्ञा पाच-सहा श्लोकांच्या आतच येतात. वेशीबाहेर ठेवणे आणि ओझ्याखाली ठेवणे हे एकाच लेखणीचे काम आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे पुस्तक जाळले ते का जाळले असे कुणी विचारले तर हे श्लोक उघडून दाखवावेत.

येसकराला मोबदला नव्हता का? होता. बलुते होते, शिळी भाकर होती आणि वतनाची जमीन होती. वतन या शब्दाने आपल्या जुन्या पिढीतल्या अनेकांना भूल घातली होती, ‘आम्ही वतनदार’ असे ते छाती फुगवून सांगायचे. बाबासाहेबांनी ही भूल नेमकी ओळखली. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई कायदे मंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: महार सरकारचा नोकर आहे, मग त्याचा पगार सरकारने द्यावा, तो गावकऱ्यांच्या मर्जीवर आणि बलुत्यावर का सोडावा? नोकरीला वेळेची मर्यादा नाही, दिवस नाही, रात्र नाही. महार घरी नसेल तर त्याच्या बापाने, भावाने, घरातल्या कुणीही हजर व्हायचे. म्हणजे जमिनीच्या एका तुकड्यावर सगळे कुटुंब गहाण. हे विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. विरोध करणाऱ्यांत गावचे जमीनदार होते, सरकारी अधिकारी होते, आणि सांगायला वाईट वाटते, वतनाच्या मोहात अडकलेले आपले काही लोकही होते. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा अखेर १९५८ साली झाला. तोवर बाबासाहेब राहिले नव्हते.

पोर्टरचा एक सावत्र भाऊ इंग्रजांनी आपल्याच देशात घडवला, तो म्हणजे कुली. या शब्दाच्या मुळाबद्दल दोन मते आहेत. एक मत तमिळकडे बोट दाखवते. तिथे ‘कूलि’ म्हणजे मजुरी, रोजंदारी. दुसरे मत, जे १८८६ साली निघालेल्या यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशाने पुढे केले, ते सांगते की हा शब्द पश्चिम किनाऱ्यावरच्या कोळी जमातीच्या नावावरून पोर्तुगिजांच्या तोंडी गेला आणि तिथून जगभर झाला.

मुरबाड-शहापूरच्या माणसाला दुसरे मत वाचून थांबावेसे वाटते. कारण या डोंगरांतले महादेव कोळी हे घाटांचे राखणदार होते. निजामशाहीपासून मराठेशाहीपर्यंत कोळी नाईकांकडे घाटवाटांची आणि गडांची राखण असायची आणि त्याचा त्यांना मोबदला मिळायचा. १८१८ नंतर इंग्रजांनी गडांवरच्या शिबंद्या मोडल्या, हक्क कापले आणि कोळ्यांची बंडे सुरू झाली. राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले ते याच संघर्षात. म्हणजे कोळी हा दारावरचा पोर्टर होता, सह्याद्रीच्या दारावरचा. इंग्रजांनी दार त्याच्या हातून काढून घेतले. आणि त्यांच्याच कोशात ‘कुली म्हणजे ओझी वाहणारा, आणि तो शब्द बहुधा कोळ्यांवरून आलेला’ अशी नोंद झाली. तमिळ व्युत्पत्ती खरी असली तरी साहेबाच्या डोक्यात कोळी आणि कुली यांची गाठ बसली होती, एवढे या नोंदीवरून दिसते. आदिवासी तरुणांशी बोलताना ही गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी जरूर सांगावी. महार आणि कोळी यांना वेगवेगळ्या वाटेने एकाच ओझ्याखाली आणले गेले.

कुली हा शब्द पुढे फार लांब गेला. मॉरिशसला, फिजीला, नाताळला, त्रिनिदादला करारावर नेलेल्या मजुरांना गोरे लोक कुलीच म्हणत. मॉरिशसला गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर हे मजूर उतरत त्याला कुली घाट म्हणत. आज त्याचे नाव आप्रवासी घाट आहे आणि २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. दक्षिण आफ्रिकेत तर कुली ही शिवीच आहे.

तरीही आम्हाला इथे एक अवघड गोष्ट मांडायची आहे. तमिळ व्युत्पत्ती घेतली तर कुली या शब्दाच्या पोटात मजुरी आहे. वेठीच्या पोटात ती नाही, बिगारीच्या पोटातही नाही. गावच्या येसकराला कुली व्हायला मिळणे ही अधोगती नव्हती, ती सुटका होती. सवर्ण लेखक जेव्हा ‘ब्रिटिशांनी आमच्या स्वाभिमानी शेतकऱ्याला कुली बनवले’ असे हळहळत लिहितात, तेव्हा ते आपल्या अनुभवापुरते खरे बोलत असतील. पण आपल्या आज्या-पणज्यांचा अनुभव तो नाही. त्यांनी घाट उतरून मुंबई गाठली ती गोदीत, गिरणीत, रेल्वेवर ओझी उचलायला. काम तेच, पाठ तीच, पण संध्याकाळी हातात पैसा पडत होता आणि त्याला कुणी शिळी भाकर म्हणत नव्हते.

ही रेल्वे आपल्या शहापूर तालुक्यातूनच वर गेली. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा. १८६१ साली गाडी कसाऱ्याला आली आणि थळघाट फोडून १८६५ साली इगतपुरीला पोचली. बोगदे, पूल, भराव हे सगळे डोक्यावरच्या पाट्यांनी झाले. त्याच सुमारास भोर घाटाचे काम चालू होते, तिथे १८५९ साली थकलेल्या मजुरीवरून मजूर भडकले. लगेच पुढच्या वर्षी, १८६० साली, सरकारने मालक-मजूर तंट्यांचा कायदा केला, आणि त्यात करार मोडणाऱ्या मजुराला फौजदारी शिक्षा ठेवली. मजुरी होती, पण तिच्या मागे तुरुंगही उभा होता. इंग्रजांना मुक्तिदाता म्हणून डोक्यावर घेणाऱ्या आपल्याच काही मित्रांसाठी ही आठवण.

त्याच लोहमार्गावर पुढे मनमाड. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला तिथे जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. या भाषणातले ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आपल्याला पाठ असतात, पोस्टरवर छापलेले असतात. पण त्याच भाषणात बाबासाहेबांनी दिलेला एक साधा तपशील आपण वाचून पुढे जातो. ते सांगतात की रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, त्याला बढती नाही. पोर्टर म्हणून तो क्वचितच दिसतो. का? कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात, आणि स्टेशनमास्तर बहुधा सवर्ण हिंदू असल्यामुळे तो अस्पृश्याला पोर्टर नेमत नाही.

हा तपशील नीट वाचला पाहिजे. हजार वर्षे ज्याच्याकडून फुकट ओझे वाहून घेतले, त्यालाच पगारी ओझे वाहायची नोकरी नाही! ओझे वाहण्याला विरोध नव्हताच. पगारी पोर्टरला साहेबाच्या घराचे दार उघडते, त्याचा हात पाण्याच्या भांड्याला लागतो, हा आक्षेप होता. ओझ्याखालचा पोर्टर दारातून आत येतो म्हटल्यावर दार बंद झाले. गिरणीतही हेच. विणकाम खात्यात मजुरी जास्त, पण तिथे धोटा भरताना धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून ते खाते अस्पृश्यांना बंद. ‘जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभागणी’ या युक्तिवादाला बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिनिर्मूलन’मध्ये उत्तर दिले होते की, ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. दोन वर्षांनी मनमाडला त्यांनी त्याचा स्टेशनमास्तरच्या घरातला पुरावा दिला. त्या कॉलेजच्या मुलाच्या मित्रांना उत्तर द्यायचे तर एवढे एक उदाहरण पुरे. इंग्लंडात पोर्टर हा व्यवसाय होता, म्हणजे तो कुणालाही धरता येत होता आणि सोडता येत होता. इकडे वेठ सोडता येत नव्हती आणि पोर्टर होता येत नव्हते.

घटनेचे कलम २३ काढून बघा. इंग्रजी मसुद्यात माणसांच्या व्यापारासोबत मनाई केली आहे ती ‘बेगार’ची, आणि हा शब्द इंग्रजी वाक्यात तसाच ठेवला आहे. सक्तीचे श्रम असा इंग्रजी शब्द तिथे आहेच, तरी बेगार वेगळी लिहिली. ज्या शब्दाला इंग्रजीत पर्याय नाही तो शब्द जगातल्या सर्वांत मोठ्या लिखित राज्यघटनेत आपल्या गावाच्या वेशीवरून गेला आहे. १९८२ साली आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा अर्थ लावताना म्हटले की किमान वेतनापेक्षा कमी पैसे देऊन घेतलेले काम हेही सक्तीचे श्रमच. आपल्या तालुक्यांत काम करणाऱ्याने हा निकाल खिशात ठेवावा. पावसाळ्यात उचल देऊन कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर नेतात, त्यांचा हिशेब होळीनंतरही फिटत नाही. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी राबणाऱ्या माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा अशाच माणसांसाठी झाला.

नावे मात्र आपल्याकडे भराभर बदलतात. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात कुलींना यापुढे ‘सहायक’ म्हणायचे असे जाहीर झाले. त्याआधी २००८ साली परवानाधारक हमालांना गँगमन वगैरे जागांवर घेण्याची घोषणा झाली होती. म्हणजे १९३८ ला जिथून वर जाता येत नव्हते ती जागा सत्तर वर्षांनी बढती ठरली. मोबाईलवर सामान वाहणाऱ्या गाड्यांचे ॲप आले आहे, त्याचेही नाव पोर्टर. त्यापेक्षा १९६९ चा माथाडी-हमाल कायदा आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याने नाव साधेच ठेवले, माथ्यावर वाहतो तो माथाडी, पण मजुरी मंडळामार्फत, सोबत भविष्य निर्वाह निधी आणि रजेचा पगार आणला. सन्मान असा येतो.

आणि एक ओझे असे आहे ज्याला अजून कुठल्याच भाषेत कुली किंवा पोर्टर म्हणत नाहीत. तानसा, वैतरणा, भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातून मुंबईला पाणी देतात. तानसा तर १८९२ पासून. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतात आणि बाया डोक्यावर तीन-तीन हंडे घेऊन डोंगर चढतात. याला मजुरी नाही, वेळेची मर्यादा नाही, ती आजारी पडली तर घरातल्या दुसऱ्या बाईने किंवा मुलीने हजर व्हायचे. १९२८ च्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी वतनाचे जे वर्णन केले त्यातला कोणता शब्द इथे लागू होत नाही? आपल्या वस्त्यांतही हे ओझे बाईचेच मानले जाते, आणि त्याला आपण वेठ म्हणत नाही.

राहिली वतनाची जमीन. १९५८ च्या कायद्याने ती वतनदारांना परत मिळाली, पण नवीन शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय ती विकता येत नाही. कल्याण–नगर रस्ता रुंद झाला, शहापुरातून समृद्धी महामार्ग गेला, फार्महाऊसवाले आले आणि या जमिनींचे साठेकरार, कुलमुखत्यारपत्रे स्टँप पेपरवर कवडीमोलाने होऊ लागली. सही करणाऱ्याला अनेकदा ठाऊकही नसते की हा तुकडा त्याच्या पणजोबाने पाठीवरून वाहिलेल्या ओझ्याची मजुरी आहे. पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने घरचा सातबारा आणि सापडला तर जुना फेरफार आणावा. इतर हक्कात ‘इनाम वर्ग ६ ब’ किंवा ‘महार वतन’ अशी नोंद आहे का ते आधी बघून ठेवावे. आणि घरात सत्तरीच्या पुढचे कुणी असेल तर विचारून यावे: येसकरकीची पाळी आपल्या घराकडे किती दिवस असायची, आणि सामान कुठल्या शिवेपर्यंत न्यावे लागायचे.